दोघांच्या संसारासाठी प्रेशर कुकर घ्यावा की गंजातच भागवावे?

मनीषनगर_नवे_घर (प्रश्न)

नमस्कार. लग्नानंतर आम्ही दोघे नुकतेच नागपूरच्या मनीषनगर भागातील भाड्याच्या घरात राहायला आलो आहोत आणि स्वयंपाकघरातील एकेक वस्तू विचार करून घेत आहोत. घरात दोन बर्नरची गॅस शेगडी आणि एक इंडक्शन आहे. भांड्यांमध्ये सासूबाईंनी दिलेले दोन जाड बुडाचे गंज (उभट पातेली), एक कढई, तवा आणि थोडी पातेली आहेत. प्रेशर कुकर मात्र नाही. सासूबाई वर्धा जिल्ह्यातील गावी आजही वरण गंजातच शिजवतात आणि त्या वरणाची चव दोघांनाही आवडते, त्यामुळे कुकरवाचून चालेल असा आमचा समज होता.

अडचण अशी आहे की सकाळी नऊच्या आत आम्हा दोघांनाही घराबाहेर पडावे लागते, आणि तुरीची डाळ मऊ होईपर्यंत पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ एक बर्नर अडकून राहतो. रविवारी तर्री-पोहे, म्हणजे हरभऱ्याच्या तिखट रश्शासह पोहे, करायचे ठरवले तर भिजवलेले हरभरे शिजायला इतका वेळ लागतो की पोहे दुपारच्या जेवणाच्या वेळी ताटात येतात. आमच्याकडे वरण-भात रोज होतो, आठवड्यातून एकदोनदा डाळ-भाजी किंवा अंबाडीची भाजी होते, आणि मटण क्वचित होते. एवढ्यासाठी कुकर घेणे योग्य ठरेल का?

माझी दुसरी शंका सुरक्षिततेची आहे. मी लहान असताना शेजारच्या काकूंच्या कुकरचे झाकण उडून छताला आदळले होते. कोणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून शिट्टी होण्याआधीचा तो फुसफुस आवाज ऐकला की मी स्वयंपाकघराबाहेर जाते. वाफेच्या दाबाखाली शिजवल्याने अन्नातील जीवनसत्त्वे नष्ट होतात असेही ऐकले आहे. यजमानांचे म्हणणे असे की घ्यायचाच असेल तर विजेवर चालणारा, आपोआप बंद होणारा कुकर घ्यावा. जे रोज वापरतात आणि ज्यांनी जाणीवपूर्वक वापरणे टाळले आहे, अशा दोघांचीही मते वाचायला आवडतील.

गोकुळपेठ_गृहिणी

ताई, रोज वरण-भात होणाऱ्या घरात कुकर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि डाळ लवकर शिजते एवढेच त्याचे कारण नाही. कुकरमध्ये एकाच ज्योतीवर खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ आणि जागा उरली तर वाटीत दोन आलू किंवा कोहळ्याच्या फोडी शिजतात. तेवढ्या वेळात दुसऱ्या बर्नरवर भाजी होते आणि कणीक मळून होते. गॅस बंद केल्यावर वाफ जिरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती मिनिटे पोळ्यांना मिळतात. सकाळी नऊच्या आत निघणाऱ्या माणसांना हा दुसरा बर्नर मोकळा राहण्याचा फायदा वेळाच्या बचतीहूनही अधिक जाणवेल.

डाळ धुऊन तिच्या अडीच ते तीनपट पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालावेत. तेलामुळे फेस कमी येतो. मीठ आणि आंबट मात्र डाळ घोटल्यावरच घालावे. अंबाडीची भाजी करताना हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण अंबाडीचा आंबटपणा डाळीला मऊ होऊ देत नाही. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या आधी शिजवून घ्याव्यात, अंबाडी वेगळी उकडून, पिळून मग त्यात मिसळावी. डब्यांच्या खाली दोन पेले पाणी घालावे आणि त्यात पिळून झालेल्या लिंबाचे साल टाकावे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना पाऊण तास उकळणारा गंज सगळी वाफ घरात सोडतो, आणि डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट झालेली असते. मग स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. याच दिवसांत रात्री भिजवलेले हरभरे सकाळपर्यंत फेसाळतात आणि त्यांना आंबूस वास येऊ लागतो. कुकर असला की रात्रभर भिजवण्याची गरज उरत नाही. कढत पाण्यात दोन तास ठेवून कुकरला लावले तरी तर्रीसाठी हवे तसे, अख्खे पण बोटाने सहज दबणारे हरभरे मिळतात.

मापाबद्दल विचाराल तर दोघांसाठी ३ लिटर पुरेसा आहे, पण तो बसका न घेता उभट घ्यावा, म्हणजे त्यात दोन छोटे डबे एकावर एक बसतील.

निवृत्त_यंत्र_अभियंता

ताईंच्या मनात लहानपणी बसलेली भीती समजण्यासारखी आहे, आणि ती "काही होत नाही हो" एवढे म्हणून जाणार नाही. झाकण कशामुळे उडते हे नीट कळले, तर ते उडू न देणे आपल्या हातात आहे याची खात्री पटते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उघड्या भांड्यातील पाणी उकळू लागले की त्याचे तापमान तेथेच थांबते. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सियस असते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे ते ९९ अंशांच्या आसपास असते, आणि चिखलदऱ्याला ९६ अंशांच्या जवळपास. गॅस मोठा केल्याने पाणी अधिक तापत नाही, फक्त वाफ अधिक होते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाऊन बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो अधिक दाब तयार होतो आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. या वीस अंशांच्या फरकामुळेच पाऊण तासाची डाळ दहा-बारा मिनिटांत शिजते. ही कल्पना जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे भांडे मांडले होते, आणि दाब प्रमाणाबाहेर गेला तर वाफ बाहेर सोडणारी झडपही त्यानेच त्याला जोडली. म्हणजे कुकर आणि त्याची सुरक्षितता या दोन्हींचा विचार आरंभापासून एकत्रच झालेला आहे.

आजच्या कुकरमध्ये वाफेला बाहेर पडायला पहिली वाट शिट्टीची असते. शिट्टी हे ठरावीक वजन असते. दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की ते उचलले जाते आणि जादा वाफ निघून जाते. ही वाट तुंबली, किंवा आतले पाणी आटून भांडे कोरडे तापू लागले, तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. तो वितळून वाफेला दुसरी वाट मिळते. त्यानंतर तो व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. झाकण उडण्याचे प्रसंग बहुधा तीन कारणांनी घडतात. कुकर काठोकाठ भरल्याने डाळीचा फेस किंवा साल शिट्टीच्या नळीत अडकते. वितळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी कंपनीचा नसलेला स्वस्त व्हॉल्व्ह बसवलेला असतो, किंवा ते भोक भलत्याच वस्तूने बुजवलेले असते. आणि तिसरे, सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वाफ जिरण्याआधी घाईने हँडल जोर लावून फिरवले जाते.

यावरचे उपाय साधे आहेत. डाळ, तांदूळ आणि कडधान्ये थेट कुकरमध्ये शिजवायची असतील तर पाण्यासह अर्ध्याच्या वर भरू नये. इतर पदार्थांना दोनतृतीयांश ही मर्यादा आहे. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार पाहावे. पलीकडचा उजेड दिसला नाही तर नळी साफ केल्याशिवाय कुकर लावू नये. रबर रिंग ताठ झाली, तिला भेगा दिसू लागल्या की लगेच बदलावी. कडेने वाफ जाते म्हणून तिला कणकेची वळी लावून काम भागवू नये. आणि शिट्टी बोटाने किंचित उचलून पाहिल्यावर जराही वाफ येत नसेल तरच झाकणाला हात लावावा.

आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये, म्हणजे हॉकिन्सच्या पद्धतीच्या, आतला दाबच झाकणाला काठावर घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे दाब असताना ते उघडता येत नाही. ज्यांच्या मनात भीती आहे त्यांना मी हीच रचना सुचवतो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचे कुकरही नीट वापरले तर सुरक्षित असतात, आणि ते धुवायला व लावायला अनेकांना सोपे वाटतात.

आता शिट्ट्यांविषयी. "डाळीला चार, हरभऱ्याला सात" हा हिशेब घरोघरी चालतो, पण शिट्ट्यांची संख्या ही कुकर किती भरला आहे आणि ज्योत केवढी आहे यावर अवलंबून असते. प्रत्येक शिट्टीबरोबर आपण गॅस जाळून तयार केलेली वाफ फुकट बाहेर सोडतो. पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी ठेवावी, मग ती इतकी मंद करावी की शिट्टी होणार नाही, फक्त अधूनमधून हलकी फुसफुस ऐकू येईल, आणि तेथून घड्याळ लावावे. साधारणपणे तुरीच्या डाळीला आठ ते दहा मिनिटे आणि भिजवलेल्या हरभऱ्याला पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. ताईंना ज्या आवाजाची भीती वाटते तो आवाजही या पद्धतीत जवळजवळ उरत नाही. पेट्रोलियम कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशनच्या सांगण्यानुसार साध्या भांड्याच्या तुलनेत कुकरमध्ये भाताला २० टक्के आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीला ४६ टक्के इंधन वाचते. भातात बचत कमी आणि डाळीत दुपटीहून जास्त, हे लक्षात घेतले तर डाळ रोज शिजवणाऱ्या घराला कुकर किती उपयोगाचा आहे ते कळेल.

महालकर

वरच्या दोन्ही उत्तरांविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो. आमच्या घरी कुकर आहे, पण वरणासाठी तो आम्ही वापरत नाही, आणि हा निव्वळ हट्ट नाही. गंजात आधी पाण्याला आधण येऊ द्यायचे, मग धुतलेली डाळ सोडायची, वर येणारा फेस झाऱ्याने काढून टाकायचा आणि गंजावर खोलगट झाकणी ठेवून त्या झाकणीत पाणी भरायचे. आतली वाफ झाकणीला लागून पुन्हा खाली ठिबकते, त्यामुळे डाळ उतू जात नाही. आणि आत पाणी कमी पडले तर झाकणीतले कढत पाणीच घालता येते. गार पाणी घातले की डाळीची उकळी मोडते आणि ती शिजायला आणखी वेळ घेते. अशी डाळ कडेला विरघळलेली आणि मध्ये थोडी दाणेदार राहते. कुकरमधल्या डाळीचे सगळे एकजीव पीठ होते. ज्यांना घट्ट, गुळगुळीत वरण आवडते त्यांना तेच बरे वाटेल. पण तुमच्या सासूबाईंच्या वरणाची जी चव तुम्हाला आवडते ती बरीचशी या दाणेदारपणाची आणि काढून टाकलेल्या फेसाची आहे, असे मला वाटते.

वेळेचा प्रश्न अर्ध्यावर आणता येतो. रात्री झोपताना डाळ धुऊन पाण्यात ठेवावी. सकाळी ती गंजात पंचवीस-तीस मिनिटांत शिजते. उन्हाळ्यात ते पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. मटणाबद्दल तर माझे मत अधिक ठाम आहे. सावजी रस्सा मंद आचेवर तासभर मुरला तरच मसाला आणि तेल वेगळे होऊन तर्री वर येते. कुकरमध्ये पाणी आटत नसल्याने मटण मऊ होते, पण रस्सा पातळ आणि चवीला वेगळा पडलेला राहतो, आणि शेवटी तो उघड्या भांड्यात आटवावाच लागतो.

एवढे सांगूनही हे मान्य करतो की हरभरे, वाटाणा आणि चवळी यांना कुकरच हवा. तर्री-पोहे तुमच्याकडे दर रविवारी होत असतील तर तेवढ्यासाठी जरूर घ्या, पण गंज माळ्यावर टाकू नका.

धंतोली_आहारशास्त्र

फक्त जीवनसत्त्वांच्या शंकेपुरते लिहिते. उष्णतेने नाश पावणारी आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे, म्हणजे क आणि ब गटातील काही, कोणत्याही पद्धतीने शिजवले तरी काही प्रमाणात कमी होतातच. कुकरमध्ये तापमान जास्त असले तरी वेळ बराच कमी लागतो आणि पाणीही मोजके असते, त्यामुळे उघड्या भांड्यात दीर्घकाळ उकळण्यापेक्षा कुकर अधिक हानिकारक ठरतो असे मानण्याचे कारण नाही. खरी हानी डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खायचा सोडा घातल्याने होते, कारण सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टिकत नाही. कुकर असलेल्या घरात सोड्याची गरजच पडत नाही.

मनीषनगर_नवे_घर

सर्वांचे मनापासून आभार. काका, झाकण का उडते हे पहिल्यांदाच कोणी असे समजावून सांगितले. महालकर दादांनी सांगितलेली झाकणीत पाणी ठेवण्याची रीत सासूबाईंकडे पाहिली होती, पण तिच्यामागचे कारण आज कळले. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आमच्या इमारतीत बोअरचे पाणी येते, आणि त्यात रात्रभर भिजवलेली डाळसुद्धा कधी कधी टणक राहते. कुकरने हा प्रश्न सुटेल का? आणि विजेच्या कुकरविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

बेसा_रोड_रहिवासी

आमच्याकडे विजेचा कुकर आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की त्याच्यापाशी उभे राहावे लागत नाही. डाळ, पाणी घालून बटण दाबले की दाब तयार होणे, ठरलेली वेळ शिजणे आणि बंद होणे हे सर्व तो स्वतः करतो, आणि दाब असेपर्यंत झाकणाचे कुलूप उघडत नाही. माझी आई एकटी असताना ज्योत बंद करायला विसरेल ही काळजी आमच्या घरी होती, आणि तिच्यासाठी हीच वस्तू योग्य ठरली.

तरीही ताईंच्या परिस्थितीत मी तो पहिला कुकर म्हणून सुचवणार नाही. गॅसवरच्या कुकरपेक्षा बहुतेक विजेच्या कुकरमध्ये दाब थोडा कमी असतो आणि दाब तयार व्हायलाही जास्त वेळ लागतो, त्यामुळे तीच डाळ शिजून झाकण उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. आपल्या पद्धतीने डाळ-भाताचे डबे एकावर एक लावायचे तर त्याच्या भांड्याच्या मापाचे डबे शोधावे लागतात. वीज गेली की काम अर्धवट थांबते. शिवाय त्यात काही बिघडले तर रबर रिंग बदलण्याइतके ते सोपे नसते. सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

अशा काही यंत्रांत मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याचीही सोय असते. तिच्यावर राजमा कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यात पोटाला बाधणारे एक द्रव्य असते आणि ते नष्ट व्हायला भिजवलेला राजमा किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेवर तेवढे तापमान येत नाही. दाबाखाली शिजवला तर ती अडचण राहत नाही.

निवृत्त_यंत्र_अभियंता

बोअरच्या पाण्याबद्दल. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला हे क्षार घट्ट बांधतात, म्हणून डाळ उकळत राहते पण फुटत नाही. जुन्या, ऊन-दमट हवेत साठवलेल्या डाळीतही असाच टणकपणा येतो. कुकरचे जास्त तापमान यावर बऱ्याच अंशी मात करते, पण पूर्णपणे नाही. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचे गाळलेले किंवा नळाचे पाणी वापरावे. बोअरचे पाणी डब्यांखाली घातले तरी चालेल. तेथे क्षारांचा पांढरा थर बसेल, तो अधूनमधून लिंबाच्या पाण्याने उकळून काढावा आणि शिट्टीची नळीही त्याच वेळी तपासावी, कारण क्षार तेथेही साचतात.

इंडक्शनबद्दल एक सूचना. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटले तरच तो चालेल असे समजावे. इंडक्शनवर पहिल्या शिट्टीनंतर शक्ती बरीच कमी करावी लागते, नाहीतर बूड लागते.

इतवारी_भांडी

मी इतवारीत भांड्यांच्या दुकानात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून खरेदीपुरते सांगतो. ताई, मापाबाबत माझे मत गोकुळपेठच्या ताईंपेक्षा वेगळे आहे. घरात एकच कुकर ठेवायचा असेल तर ५ लिटर घ्यावा. दोघांच्या संसारातही सासू-सासरे येतात, पाहुणे येतात, पुरणाची डाळ टाकावी लागते. आणि हरभरे अर्ध्यापर्यंतच भरायचे म्हटल्यावर ३ लिटरमध्ये चार जणांची तर्री जेमतेम होते. ५ लिटरमध्ये तीन डबे बसतात आणि दोघांपुरतेच करायचे असेल त्या दिवशी दोनच लावता येतात. डबे कुकरबरोबर येतातच असे नाही. दुकानातच ते आत ठेवून, वर झाकण लावून पाहावे. वरचा डबा झाकणाला टेकता कामा नये.

धातूबद्दल सांगायचे तर अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, हलके आणि लवकर तापणारे आहे. स्टील महाग आणि जड असते, पण त्यात आंबट पदार्थ निर्धास्त शिजवता येतात, ते काळे पडत नाही आणि तुमच्या इंडक्शनवरही बहुतेक चालते. मात्र स्टीलचे बूड पातळ असेल तर डाळ खाली लागते, म्हणून बुडाशी अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर बसवलेले किंवा तीन थरांचेच घ्यावे. तुमच्याकडे अंबाडी होते आणि इंडक्शन आहे, या दोन कारणांनी मी तुम्हाला स्टील सुचवीन.

आयएसआय चिन्ह पाहिल्याशिवाय कुकर घेऊ नये. केंद्र सरकारच्या आदेशानुसार १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएस २३४७ या मानकाचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तरीही त्यानंतर ऑनलाइन बाजारात विनाचिन्ह कुकर विकले गेले आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल काही मोठ्या संकेतस्थळांना दंड केला. चिन्हाजवळ सीएम/एल या अक्षरांनंतर परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते दुकानातच उभ्या-उभ्या तपासता येते. त्याच कंपनीची रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच दुकानात मिळतात का हेही विचारावे, आणि एक रिंग जादा घेऊन ठेवावी. शिट्टी हरवली तर दुसऱ्या कंपनीची बसवू नये. ती बसते, पण तिचे वजन त्या कुकरसाठी ठरवलेले नसते.

मनीषनगर_नवे_घर

आता निर्णय झाला आहे. आत बसणाऱ्या झाकणाचा, जाड बुडाचा, ५ लिटरचा स्टीलचा कुकर आणि तीन डबे घेणार आहोत. सोमवार ते शनिवार वरण-भात कुकरमध्ये होईल. रविवारी हरभरे कुकरमध्ये आणि वरण महालकर दादांनी सांगितल्याप्रमाणे गंजात होईल. यजमानांनाही बेसा रोडच्या दादांचे उत्तर वाचून दाखवले आणि त्यांना ते पटले. एकच विचारते: पहिल्यांदा कुकर लावताना माझा हात थरथरणार हे नक्की आहे, तेव्हा सुरुवात कशी करावी?

गोकुळपेठ_गृहिणी

ताई, पहिल्या दिवशी त्यात काही शिजवूच नका. झाकण, रिंग आणि शिट्टी धुऊन घ्या, कुकरमध्ये चार पेले पाणी घाला आणि दोघेही घरी असाल अशा वेळी मध्यम आचेवर ठेवा. आधी शिट्टीच्या कडेने बारीक वाफ येईल, मग आवाज वाढेल आणि शिट्टी उचलली जाईल. तेव्हा आच मंद करा आणि आवाज कसा खाली येतो ते ऐका. पाच मिनिटांनी गॅस बंद करून हात न लावता थांबा. मग शिट्टी किंचित उचलून वाफ नाही याची खात्री करा आणि झाकण उघडा. असे दोन वेळा केले की कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नाही हे कानाला कळू लागेल. डाळ त्यानंतर लावा, आणि पहिल्या वेळी ती थेट कुकरमध्ये न टाकता डब्यातच लावा, म्हणजे फेस नळीपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न येणार नाही.